येत्या वर्षाचा बाजार आणि आपला शब्द

(माजी विद्यार्थी स्नेहमिलन, डिसेंबर २०२५. सकाळच्या सत्रातील भाषणाचा मजकूर.)



या शाळेच्या पटांगणात माइक हातात घेऊन बोलायची ही माझी दुसरी वेळ. पहिल्या वेळी मी सातवीत होते, पंधरा ऑगस्ट होता आणि तिसऱ्या वाक्याला मी भाषण विसरले होते. तेव्हा बाईंनी मागून हळूच पुढचं वाक्य सांगितलं होतं. त्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून मी निर्धास्त आहे.

आपण १९९८ साली दहावी झालो. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्हा भंडारा आहे. पुढच्याच वर्षी, १ मे १९९९ रोजी, गोंदिया जिल्हा झाला आणि आपण शाळेला जाऊन विचारलं होतं की दाखला बदलून मिळेल का. तेव्हापासून पुष्कळ काही बदललं. मी नागपूरला इंजिनिअरिंग केलं आणि गेली वीस-बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. तुमच्यापैकी कुणाची राईस मिल आहे, कुणाचं कृषी केंद्र, कुणाचं मंडप डेकोरेशन, कुणाच्या शिकवण्या. तीन-चार मैत्रिणी बचत गट चालवतात. संयोजकांनी मला विषय दिला तो असा: ‘येत्या वर्षात व्यवसाय आणि जनसंपर्कात काय बदलणार आहे, ते सांग.’ मी म्हटलं, मी धंदा कधी केला नाही. तर उत्तर आलं, ‘तू ज्या मशिनी बनवतेस त्या आमच्या धंद्यात घुसल्या आहेत, मग सांगायलाही तूच ये.’ हे म्हणणं बरोबर होतं, म्हणून आले.

जनसंपर्क हा शब्द मोठा वाटतो. शहरात त्यासाठी वेगळी खाती आणि वेगळ्या कंपन्या असतात. पण आपण तो लहानपणापासून पाहिला आहे. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरायची. घरोघरी पाहुणे यायचे, सोयरिकी जुळायच्या, रात्री नाटक असायचं. वडशाच्या कंपनीचं नाटक येणार असलं की दोन दिवस आधी जीपवर भोंगा लावून एक माणूस गावातून फिरायचा. ‘आज रात्री ठीक दहा वाजता’ असं तो म्हणायचा आणि पडदा साडेबाराला उघडायचा. पण एक गोष्ट लक्षात घ्या. भोंग्यावर ओरडणारा तोच माणूस रात्री तिकिटाच्या टेबलावर बसलेला असायचा. नाटक पडलं तर लोक त्याच्याच अंगावर जायचे. बोलणारा आणि जाब देणारा माणूस एकच होता.

माझ्या बाबांचं किराण्याचं छोटं दुकान होतं, हे तुम्हाला आठवत असेल. महाशिवरात्रीच्या यात्रेत ते डोंगराच्या वाटेवर नारळ-बत्ताशाचं दुकान लावायचे. विदर्भातून, छत्तीसगडातून माणसं यायची. कुणी महादेवाला जायचं, कुणी दर्ग्याला, पुष्कळजण दोन्हीकडे. एका वर्षी एका बाईनं पन्नासाची नोट दिली आणि गर्दीच्या रेट्यात उरलेले पैसे न घेताच ती पुढे गेली. बाबांनी उधारीच्या वहीत लिहिलं: ‘राजनांदगाव, हिरवं लुगडं, अडतीस रुपये देणे.’ मी हसले. म्हटलं, बाबा, एवढ्या गर्दीत ती बाई परत कशी सापडणार? ते म्हणाले, ‘सापडो का न सापडो. वहीत लिवलं म्हंजे आपन बांधले गेलो.’ पुढच्या वर्षी ती बाई खरंच आली. लुगडं वेगळं होतं, पण तिनं स्वतःच विचारलं आणि बाबांनी वही काढून पैसे दिले. त्यानंतर बाबा दुकान लावत होते तोवर तिचा सगळा जत्था आमच्याकडूनच नारळ घ्यायचा.

ही वही लक्षात ठेवा. पुढे मला तिच्याकडेच यायचं आहे.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. भाषणात आपलं कौतुक सांगायची पद्धत आहे, पण आपल्या माणसांत निदान खरं बोलावं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या टीमनं एका ग्राहक कंपनीसाठी तक्रारींना उत्तर देणारा प्रोग्राम तयार केला. ग्राहक मोबाइलवर तक्रार लिहितो किंवा बोलतो, मशीन ती समजून घेते आणि उत्तर देते. त्यात एक नियम होता: तीन उत्तरं दिल्यावर ग्राहकाकडून दोन दिवस काहीच आलं नाही, तर तक्रार ‘निकाली’ धरायची. तो नियम मी लिहिला होता. महिन्याभरात निकाली तक्रारींचा आकडा एकदम वर गेला. मीटिंगमध्ये आलेख दाखवला गेला, टाळ्या वाजल्या आणि त्या वर्षी मला चांगली पगारवाढ मिळाली.

पुढच्या एप्रिलमध्ये काकांचा फोन आला. त्यांचं गाव इथून जवळच आहे. उन्हाळी धान निसवायच्या बेतात होता आणि बोअरवरची मोटर बंद पडली होती. मोटर दुसऱ्याच एका कंपनीची होती आणि वॉरंटीत होती. काकांनी कंपनीच्या नंबरवर आवाजात तक्रार पाठवली: ‘मोटर पानी फेकून नाही राहिली जी.’ आपल्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. मशीनला मात्र एवढंच कळलं की मोटर राहिली नाही. तिकडून शुद्ध मराठीत उत्तर आलं की आपले उत्पादन गहाळ झाल्याबद्दल आम्हाला खेद आहे, परंतु गहाळ उत्पादनास वॉरंटी लागू होत नाही.

इथे तुम्ही हसलात. मीसुद्धा आधी हसले होते. काकांनी पुन्हा पाठवलं, पुन्हा तसंच उत्तर आलं. तिसऱ्या वेळी ‘आपल्या संयमाबद्दल आभार’ असं आलं. मग काकांनी नाद सोडला. बोलावं असा माणूस त्या नंबरामागे कुणीच नव्हता. मला फोन करायला त्यांना संकोच वाटला, म्हणून चार दिवस त्यांनी थांबून काढले. शेवटी अर्जुनीच्या एका मिस्त्रीनं रात्री मोटर वर काढली, वाइंडिंग जळलं होतं ते भरून दिलं आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुरू झालं. तोवर कडेच्या दोन बांध्यांतला धान गेला होता. लोंब्या बाहेर पडल्या, पण आत दाणा भरला नाही.

काका मला एक शब्दही बोलले नाहीत. फक्त एवढं विचारलं, ‘बाई, हे असं उत्तर देनारं तुमीच लोक बनवता का?’

ती मशीन मी बनवलेली नव्हती. पण ऑफिसात गेल्यावर मी आमच्या प्रोग्रामच्या निकाली निघालेल्या तक्रारी उघडल्या आणि एकेक वाचत बसले. गप्प झालेल्या माणसांना आम्ही समाधानी धरलं होतं. किती जणांनी काकांसारखा नाद सोडला होता, ते आलेखात कुठेच दिसत नव्हतं. मी तो नियम काढला. दोन उत्तरांनंतर माणसानं फोन करायचा, असं ठरवून घेतलं. आकडा खाली आला, वरिष्ठ नाराज झाले, त्या वर्षीची पगारवाढ जेमतेम झाली. पण काकांच्या त्या दोन बांध्या काही त्यानं परत आल्या नाहीत.

ही गोष्ट सांगण्याचं कारण असं की येत्या वर्षात तुमच्या धंद्यात जे जे येणार आहे, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. बोलणं अगदी स्वस्त होणार आहे आणि जाब देणारा माणूस दुर्मीळ होणार आहे. आता एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, जाहिरात. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. आज तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या मोबाइलवर ते किंवा तसलं काहीतरी आहे. दुकानाची जाहिरात, सणाच्या शुभेच्छा, ग्राहकाच्या पत्राला उत्तर, सगळं दोन मिनिटांत लिहून मिळतं. वापरा, मी नको म्हणत नाही. पण यंदाच्या दिवाळीला आलेले संदेश आठवा. ‘प्रकाशाचा हा सण आपल्या जीवनात आनंद, समृद्धी’ वगैरे. गोंदियाच्या मिलचा आणि पुण्याच्या बिल्डरचा संदेश एकच. मी एकही पूर्ण वाचला नाही, तुम्हीही वाचला नसेल. येत्या वर्षात असे संदेश दहापट येतील. अशा वेळी लोक थांबून वाचतील ते तुमच्याशिवाय दुसरा कुणी लिहूच शकणार नाही असं वाक्य. ‘आज अमुक गावचा नवा तांदूळ काढला, थोडा कोवळा आहे, भाताला पाणी कमी घाला.’ एवढं एक वाक्य आणि मिलच्या अंगणातला एक फोटो. ते मशीनला सुचणार नाही, कारण ती तुमच्या अंगणात उभी नाही.

दुसरा मुद्दा, गिऱ्हाईक तुम्हाला शोधतं कसं. पूर्वी पानठेल्यावर विचारायचे, मग गूगलवर शोधायला लागले, आता थेट मोबाइलला तोंडी विचारतात आणि मोबाइल एकच उत्तर देतो. ते उत्तर तो कुठून आणतो? जे कुठेतरी लिहून ठेवलं आहे तिथूनच. काकांची मोटर दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रीचं नाव कुठेच नव्हतं. तालुक्यातले शेतकरी त्याच्या दारात, पण मोबाइलच्या लेखी तो जन्मलाच नव्हता. मी सुट्टीत बसून गूगलच्या नकाशावर त्याचं दुकान नोंदवलं: नाव मराठीत, वेळ, फोन, कोणत्या मोटरी भरतो ते. अर्ध्या तासाचं काम, पैसे लागत नाहीत. तुमच्या दुकानाचं आजच बघून घ्या. पुष्कळांचा तिथे जुना फोन नंबर असतो आणि बंद दुकानाची वेळ चालू दाखवतात.

तिसरा मुद्दा, खरं-खोटं. ही सगळ्यात काळजीची गोष्ट आहे. आता कुणाचाही आवाज, कुणाचाही चेहरा तयार करता येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं एक मसुदा काढला की मशीननं बनवलेल्या चित्र-आवाजावर तसं ठळक लिहिलेलं असावं. ठीक आहे, पण फसवणारा माणूस शिक्का मारून फसवत नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना एवढं सांगून ठेवा की फोनवरून कुणी कुणाला अटक करत नाही, आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जेवढ्या लवकर कराल तेवढी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

पण धंद्याच्या बाबतीत खोटं नेहमी असं ठरवून येत नाही. कधी कधी खऱ्या गोष्टीचीच अफवा होते. आपण तर तांदळाचे लोक आहोत, म्हणून तांदळाचंच उदाहरण घेते. प्लास्टिकच्या तांदळाची ओरड तुम्ही ऐकलीच असेल. रेशनच्या आणि शाळेतल्या पोषण आहाराच्या तांदळात वेगळे दाणे दिसले, पाण्यावर तरंगले, आणि व्हिडिओ फिरले की हे प्लास्टिक आहे. खरी गोष्ट काय होती? १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की सरकारी योजनांतला तांदूळ पोषणयुक्त करायचा. त्यासाठी तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून मशीनमधून तांदळासारखेच दाणे काढायचे आणि शंभर किलो तांदळात असे एक किलो दाणे मिसळायचे. रक्तक्षय कमी व्हावा हा त्यामागचा हेतू. प्लास्टिकचा तिथे काही संबंध नाही. आपल्या जिल्ह्यातले मिलवाले स्वतः हे दाणे मिसळून देत होते.

म्हणजे माल खरा, हेतू चांगला, विज्ञान पक्कं. तरी आया-बाया सुपात ते दाणे निवडून कोंबड्यांना टाकत होत्या. का? पोत्यावर छापलं होतं, पण पोतं रेशन दुकानातच राहतं. ज्या पिशवीतून तांदूळ घरी येतो तिच्यावर काही लिहिलेलं नसतं, आणि ‘हे दाणे वेगळे दिसतील, घाबरू नका’ असं समोर उभं राहून कुणी आधी सांगितलं नव्हतं. माझी एक मावशी शाळेत पोषण आहार शिजवते. पालक भांडायला आले तेव्हा तिनं पत्रक वाचून दाखवलं नाही. ते दाणे वेगळे काढले, त्यांच्यासमोर शिजवले, बोटानं चुरून दाखवले आणि आधी स्वतः खाल्ले. भांडण तिथंच मिटलं. सरकारी पत्रकाला जे जमलं नाही ते मावशीनं एका वाटीत केलं, कारण पालकांना ठाऊक होतं की उद्या काही झालं तर मावशी याच गावात सापडणार आहे.

यातून धंदेवाल्यांनी दोन गोष्टी घ्याव्या. मालात काही बदल केला तर गिऱ्हाईकानं विचारण्याआधी आपण सांगावं. आणि अफवा उठली तर पहिल्या तासात स्वतः समोर जावं. दुसऱ्या दिवशीचं छापील निवेदन कुणी वाचत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा आपल्याच एका वर्गमित्रानं दुकानाबाहेर फळा लावला: कोणत्या वस्तूचा जुना भाव काय, नवा काय, आणि कशाचा भाव बदललेला नाही. तो सांगतो, त्या आठवड्यात दुकानात एकही वाद झाला नाही.

चौथा मुद्दा, माणसांची माहिती. तुमच्याकडे गिऱ्हाइकांचे फोन नंबर असतात, शिकवणीवाल्यांकडे मुलांचे फोटो, बचत गटाकडे आधारच्या प्रती. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम आता नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. ते टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहेत, मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षानंतर, म्हणजे २०२७ च्या मध्यापासून. म्हणजे २०२६ हे तयारीचं वर्ष. दंडाचे आकडे कोटींत आहेत. ते ऐकून घाबरू नका, पण सवय बदला. ज्या कामासाठी नंबर घेतला त्याच कामासाठी वापरा. दुसऱ्याला देऊ नका. कुणी ‘माझा नंबर काढा’ म्हटलं तर खरंच काढा. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती असेल तर पालकांची संमती लागते. पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो मोबाइलवर झळकवण्याआधी तिच्या आईला विचारा. कायदा नसता तरी हे करायला हवंच होतं, नाही का?

पाचवा मुद्दा, माल कुठून आला. शहरातलं गिऱ्हाईक आता हे विचारतं आणि त्यासाठी दोन पैसे जास्त द्यायला तयार असतं. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, करवतकाठी साड्यांना त्याआधीच मिळालं. त्याबरोबर जबाबदारीही येते. दुसरा कुठला तांदूळ चिन्नोरच्या पिशवीत भरला, तर एकटा मिलवाला बुडत नाही, नावच बुडतं. आणि ते नाव सगळ्यांचं आहे.

इथे मला दादाजी खोब्रागडे आठवतात. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा हा अल्पभूधारक शेतकरी. आपल्या बांधीत वेगळी दिसलेली धानाची लोंबी त्यांनी जपली, वर्षानुवर्षं निवड करून नवा वाण काढला. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, म्हणून व्यापाऱ्यानं त्या तांदळालाच एचएमटी नाव दिलं. एका रुपयाची जाहिरात न करता, एका शेतकऱ्यानं दुसऱ्याला पसाभर बियाणं देत हा वाण राज्याबाहेर गेला. आपल्या झाडीपट्टीतला एवढा मोठा जनसंपर्क मला दुसरा माहीत नाही. पण घड्याळाचं नाव घरोघरी पोचलं आणि दादाजींचं नाव मागे राहिलं. २०१८ मध्ये ते गेले, तेव्हा कुठे शहरातल्या लोकांना कळलं की आपण कुणाच्या हातचा भात खात होतो. म्हणून बचत गटाच्या मैत्रिणींना माझी विनंती आहे. मोहाचे लाडू करा, लोणचं करा, तांदूळ विका. पण पाकिटावर करणाऱ्या बाईचं नाव छापा. गिऱ्हाइकाला ते हवंच आहे आणि बाईच्या हक्काचंही आहे.

आता शेवटचा मुद्दा, पैसा. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात एका महिन्यात यूपीआयचे व्यवहार प्रथमच दोन हजार कोटींच्या पुढे गेले. आपल्या चहाच्या टपरीवरही आता पेटी बोलते की इतके रुपये मिळाले. पैसा पोचल्याचं पेटी सांगते. पण माणसानं माणसावर विश्वास ठेवून दिलेली उधारी पेटीत मावत नाही. याचं उदाहरण आपल्या अगदी शेजारी आहे. गोठणगावजवळची तिबेटी वसाहत आपण लहानपणापासून पाहतो. १९७२ च्या सुमारास ही माणसं इथे आली. थंडी सुरू झाली की यांतले पुष्कळजण शहरांत जाऊन स्वेटर विकतात. हा माल मुख्यतः लुधियानाहून येतो आणि तिथले व्यापारी तिबेटी विक्रेत्यांना तो हंगामाच्या सुरुवातीला उधारीवर देतात. तारण नाही. हंगाम संपला की पैसे परत जातात. देश सुटला, जमीन सुटली, हातात काही नव्हतं, तेव्हा या लोकांनी वर्षामागून वर्षं शब्द पाळून पत उभी केली. कुठल्याही जाहिरातीनं हे झालं नसतं. एका वर्षात तर नाहीच.

मग येत्या वर्षात करायचं काय? मशीन घ्या. हिशेब, पत्रं, भाषांतर, दिवसाचे ठरावीक निरोप तिला करू द्या. त्यातून जो वेळ वाचेल तो जिथे माणूस लागतो तिथे द्या: तक्रार ऐकायला, चूक कबूल करायला, नाही म्हणायला. आणि दुकानाच्या पाटीवर एक असा नंबर ठेवा की जो उचलणारा माणूस असेल आणि त्याला ‘फेकून नाही राहिली’ याचा अर्थ कळत असेल. मोठ्या कंपन्या पुढची पाच वर्षं या गोष्टीत आपली बरोबरी करू शकणार नाहीत. मी आतून पाहिलं आहे, म्हणून सांगते.

चूक कबूल करण्याबद्दल एक आठवण सांगून थांबते. नववीत गणिताच्या सरांनी फळ्यावर एक उदाहरण सोडवलं, आपण सगळ्यांनी उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले, हजेरीही घेतली नाही आणि म्हणाले, ‘काल मी चुकलो. चौथ्या ओळीत चिन्ह उलटं आहे. सगळ्यांनी खोडा.’ कुणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं, सर गप्प राहिले असते तरी चाललं असतं. त्या दिवसानंतर सरांनी फळ्यावर लिहिलेलं काहीही आपण डोळे मिटून खरं मानलं. मी ऑफिसात तो नियम काढायला उभी राहिले तेव्हा पाय कापत होते, आणि मला सरांचं ते ‘खोडा’ आठवत होतं. सर, आज तुम्ही समोर आहात, म्हणून हे तुम्हाला सांगून टाकलं.

आणि आता बाबांच्या वहीबद्दल. बाबा गेल्यावर दुकान बंद झालं, ती वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानांवर अजून चार-पाच नोंदी आहेत, ‘देणे’ लिहिलेल्या. गावं आहेत, खुणा आहेत, नावं नाहीत. पंधरा फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे. यात्रेत आपल्या वर्गमित्राचं नारळाचं दुकान असतं, तिथे मी दिवसभर बसणार आहे. ती वही सोबत असेल. कुणी येईल असं नाही, पण बसणार आहे.

एवढं सगळं बोलून मी पुण्याला निघून गेले तर मीही त्या मशीनसारखीच ठरेन. म्हणून सर्वांसमोर सांगते. २०२६ मध्ये दर रविवारी सकाळी दहा ते अकरा माझा फोन तुमच्यासाठी चालू राहील. दुकानाची नोंदणी असो, मोबाइलवर आलेला संशयास्पद निरोप असो की नव्या नियमांची शंका असो. विचारा. मला येत नसेल तर येत नाही म्हणेन आणि शोधून पुढच्या रविवारी सांगेन. संयोजकांनी हे स्मरणिकेत छापावं, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. बाबांच्या भाषेत सांगायचं तर, वहीत लिवलं म्हंजे आपन बांधले गेलो.

बाई, आज मी मधेच विसरले नाही.